परांचीवरच्या माणसापर्यंत इशारा पोहोचू द्या: मुंबईच्या आपत्ती व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
मुंबईचे हवामान-इशारे, आपत्ती व्यवस्थापन आणि बांधकाम सुरक्षा यांची जबाबदारी सांभाळणारे सर्व अधिकारी

सस्नेह नमस्कार.

मार्च संपत आला. आता तुमच्या पावसाळापूर्व आढावा बैठका सुरू होतील. नालेसफाई किती टक्के झाली, पंप कुठे बसवले, धोकादायक इमारती किती, फांद्यांची छाटणी कुठवर आली, याचे आकडे पेपरात येतील. ही कामं व्हायलाच हवीत. पण त्या यादीत वारा नसतो. पाणी तुंबू नये म्हणून शहर महिनोन्महिने राबतं, आणि पावसाळ्याच्या आधी वळवाच्या दिवसांत जे वादळ येतं, अर्ध्या तासात माणसं मारून निघून जातं, त्याच्यासाठी वेगळी तयारी म्हणून काही दिसत नाही. हे आता गप्प बसून बघवत नाही, म्हणून जाहीरपणे लिहितो आहे.

मी इमारतींच्या बाहेरच्या दुरुस्तीची आणि रंगकामाची कामं घेतो. भेगा भरणं, प्लॅस्टर, वॉटरप्रूफिंग, रंग. या धंद्याचं वेळापत्रक पाऊस ठरवतो. जूनच्या आत बाहेरचं सगळं काम आटोपायचं असतं, त्यामुळे एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत मुंबईत जितक्या परांच्या (कामासाठी इमारतीला बाहेरून बांधलेले बांबूचे सांगाडे) उभ्या असतात तितक्या वर्षभरात कधीच नसतात. मुलुंडपासून शिवपर्यंत लोकलच्या दारात उभं राहून बघा, हिरव्या जाळ्यांनी झाकलेल्या इमारती मोजता येणार नाहीत. त्या प्रत्येक जाळीच्या आत माणसं आहेत. आणि वळवाची वादळं नेमकी याच दोन महिन्यांत येतात.

13 मे 2024 चा दिवस कुणाला विसरता येणार नाही. दुपारी चारच्या सुमारास धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरला छेडानगरच्या पेट्रोल पंपावर 120 बाय 120 फुटांचं होर्डिंग कोसळलं. 17 माणसं गेली, सत्तरच्या वर जखमी झाली. वाऱ्यापावसापासून आडोसा म्हणून पंपावर थांबलेली माणसंही त्याखाली सापडली. त्याच दुपारी वडाळ्यात पार्किंगचा बांधकाम चालू असलेला लोखंडी मनोरा रस्त्यावर आडवा झाला. विमानतळावरची उड्डाणं थांबवावी लागली. त्यानंतर सगळी चर्चा होर्डिंगभोवती फिरली. परवानगी कुणी दिली, जागा कुणाची, मर्यादा 40 बाय 40 फुटांची असताना एवढं मोठं उभं राहिलं कसं. हे प्रश्न योग्यच होते आणि दोषींना शिक्षा व्हायला हवी. पण एक प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. साडेतीन वाजता त्या पंपावरच्या माणसाला काय माहीत होतं? वादळ कुठून येतंय, किती वेळात पोहोचेल, वारा किती असेल, यातलं काय त्याच्यापर्यंत पोहोचलं होतं?

मला हा प्रश्न माझ्या कामापुरता रोज पडतो.

मुंबईवर येणारे वळवाचे ढग सहसा समुद्राकडून येत नाहीत. दुपारच्या उन्हाने सह्याद्रीच्या पायथ्याशी हवा तापते, ढग चढतात आणि बदलापूर, अंबरनाथ, कल्याणकडून शहराकडे सरकतात. अशा ढगातून पाऊस कोसळायला लागला की त्याच्याबरोबर थंड, जड हवा खाली आदळते आणि जमिनीला लागून चहूकडे पसरते. पाऊस पोहोचायच्या आधी जो धुळीचा लोट अंगावर येतो तो हाच. बदलापूर ते घाटकोपर सरळ रेषेत जेमतेम 38 किलोमीटर. ढग ताशी 50 किलोमीटरने आला तरी हातात पाऊण तास असतो. पाऊण तासात मी माझी सगळी माणसं खाली उतरवू शकतो, जाळी सोडवू शकतो, सैल सामान आवरू शकतो. दहा मिनिटांत यातलं काहीच होत नाही.

आणि हा पाऊण तास तुमच्या पडद्यावर दिसतो, हे मला जास्त लागतं. कुलाब्याला डॉप्लर रडार आहे. 2022 पासून अंधेरीजवळ वेरावलीच्या टेकडीवर दुसरं आहे. डॉप्लर रडार नुसता ढग दाखवत नाही, ढगातली हवा आपल्याकडे येतेय की दूर जातेय आणि किती वेगाने, हेही सांगतं. थोड्या थोड्या मिनिटांनी नवं चित्र येतं. महानगरात हौसेने हवामानाचा अभ्यास करणारी मुलं आहेत, ती हीच चित्रं बघून फोनवर एकमेकांना कळवतात की ढग कल्याण ओलांडून निघाला. त्यांना जे जमतं ते शहराच्या यंत्रणेला जमू नये, हे मला पटत नाही. पुढच्या आठवड्याचं भविष्य आम्ही विचारत नाही. जे वादळ जन्मलेलं आहे, चालत येतंय, ते आत्ता कुठे आहे एवढंच विचारतोय.

आता तक्रारी सांगतो.

सगळ्यात मोठी तक्रार इशाऱ्याच्या आकाराची आहे. पुढच्या तीन तासांत मुंबई, ठाणे, पालघर, रायगडच्या तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह सोसाट्याचा वारा, असा संदेश येतो. या चार नावांत मुरुडपासून डहाणूपर्यंतचा किनारा आला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला 73. एकाच शहरात एवढा फरक पडू शकतो हे आपण शेकडो माणसं गमावून शिकलो. तरी इशारा देताना मुंबई म्हणजे एकच ठिपका. दुपारी एकला असा संदेश आला तर मी काय करायचं? माणसं उतरवली आणि भांडुपला पान हललं नाही, तर दिवस बुडतो. सोसायटीचे लोक विचारतात काम का बंद, मजूर विचारतात हजेरीचं काय. असं तीनदा झालं की चौथ्यांदा कुणी उतरत नाही.

मागे एका मे महिन्यात आमच्यावर हेच गुदरलं. पूर्व उपनगरातली एक जुनी इमारत होती. दुपारी सगळ्या जिल्ह्यांसाठी मिळून एक संदेश फोनवर आला होता, त्यानंतर दोन तास कडक ऊन. आमच्याकडे पश्चिम बंगालमधल्या मालदा जिल्ह्यातला एक वयस्क कारागीर होता. त्यांच्याकडच्या उन्हाळी वादळांना ते कालबैशाखी म्हणतात, लहानपणापासून बघितलेली. चहाला खाली आला तो पूर्वेकडे बघतच राहिला आणि मला म्हणाला, सबको बुलाओ. मी हाका मारल्या. पण परांचीवरून उतरायला वेळ लागतो. हातातली थापी-घमेलं ठेवायचं, बेल्टचा हूक एका बांबूवरून काढून खालच्या बांबूला लावायचा, पाय चाचपून टेकवायचा, आणि असं मजल्यामागून मजला. वरची दोघं निम्म्यात असताना वारा आला. जाळी शिडासारखी फुगली आणि अख्खी परांची भिंतीपासून सुटून बाहेर ओढली जायला लागली. बांधलेले सुंभ करकरत होते. ती पोरं समोरच्या खिडकीतून घरात शिरू बघत होती, पण मुंबईत कुठल्या खिडकीला लोखंडी ग्रिल नाही? आतल्या आजींनी ग्रिलच्या छोट्या दाराची किल्ली शोधली, गंजलेलं कुलूप उघडलं आणि दोघांना एकेक करून आत ओढून घेतलं. तेवढ्यात खालचा एक बांबू सुटून पार्किंगमधल्या गाडीवर पडला. माणसं वाचली. तेव्हापासून ज्या इमारतीत काम घेतो तिथे परांचीच्या रांगेतल्या प्रत्येक घराला मी सांगून ठेवतो की काम चालू असेपर्यंत ग्रिलच्या दाराला कुलूप लावू नका. हे मी माझ्या अकलेने करतो. कुठल्या नियमात ते लिहिलेलं नाही, लिहायला हवं.

दुसरी तक्रार वाऱ्याच्या मोजमापाची. पाऊस किती पडला हे आता शहरात भागाभागाचं कळतं. वारा किती आहे हे तितकं सहज कळत नाही. वादळ गेल्यावर दुसऱ्या दिवशी पेपरात कुलाबा आणि सांताक्रूझचे आकडे येतात. वेधशाळेत वारा साधारण 10 मीटर उंचीवर मोजतात, माझी माणसं चौदाव्या मजल्यावर असतात. तिथे वारा जास्त असतो, आणि त्याचा वेग दुप्पट झाला की भिंतीवर, जाळीवर, होर्डिंगवर पडणारा जोर चौपट होतो. मोठ्या प्रकल्पांच्या टॉवर क्रेनवर वारा मोजायचं यंत्र असतं आणि ठरावीक वेगाला क्रेन थांबवतात. बांबूच्या परांचीवर आणि दोराच्या झुल्यावर लटकणाऱ्या माणसाला अशी कोणतीच रेषा आखून दिलेली नाही.

तुमचं कौतुकही करायला हवं, कारण चक्रीवादळाच्या बाबतीत तुमची यंत्रणा खरोखर चांगली आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं. ते कुठे धडकेल याची कल्पना आधीपासून होती, किनाऱ्यावरची माणसं हलवली गेली. पण वादळाला नाव मिळालं तरच शहर जागं होतं. त्याच वर्षी 5 ऑगस्टला चक्रीवादळ नव्हतं, मान्सूनचाच दिवस होता. कुलाब्याला वारा ताशी 100 किलोमीटरच्या वर गेला, दक्षिण मुंबईत झाडं उन्मळून पडली, जेएनपीटी बंदरातल्या अजस्र क्रेन कोसळल्या. या वाऱ्याला नाव नव्हतं.

आणि नाव असलं, इशारा असला, तरी तो ज्याच्या हातात निर्णय आहे त्याने मानायला हवा. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ येत असल्याचं सगळ्यांना माहीत होतं. तरीही बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात कामगारांच्या राहण्याची नौका, बार्ज पी-305, माणसांसकट उभी राहिली आणि बुडाली. सत्तरहून अधिक कामगार गेले. ते कामगार स्वतः किनाऱ्यावर येऊ शकत नव्हते. परांचीवरचा मजूरही स्वतःहून उतरू शकत नाही. उतरला तर अर्धी हजेरी कापली जाते, हे त्याला माहीत असतं. म्हणून नुसता संदेश पाठवून तुमची जबाबदारी संपते असं मी मानत नाही.

भाषेचं एका वाक्यात सांगतो. परांचीवर बंगाली, भोजपुरी, उडिया बोलणारी माणसं आहेत आणि इशारा त्यांना समजेल असा येत नाही.

अमेरिकेत टोर्नेडोंशी त्यांची दर वर्षी गाठ असते. तिथे 2007 पासून इशारा अख्ख्या जिल्ह्याला न देता वादळाच्या वाटेत येणाऱ्या भागाचा आकार नकाशावर आखून तेवढ्यालाच देतात. त्यात अमुक गाव अमुक वाजता, असं लिहिलेलं असतं. रडारच्या जोडीला ढग ओळखायचं प्रशिक्षण घेतलेले हजारो स्वयंसेवक जमिनीवरून काय दिसतंय ते कळवतात. एवढं असूनही 22 मे 2011 ला मिसुरीतल्या जॉप्लिन शहरात टोर्नेडोने 158 माणसं मारली. त्यानंतर त्यांच्याच हवामान खात्याने स्वतःची तपासणी करून अहवाल जाहीर केला. त्यात निघालं की भोंगे वाजले होते, पण ते एरवीही इतके वाजायचे की बऱ्याच लोकांनी पहिल्या इशाऱ्यावर आडोसा घेतलाच नाही, दुसरीकडून खात्री होईपर्यंत थांबले. मुंबईला टोर्नेडोची सवय नाही. पण यलो अलर्टला आम्ही कसे सरावलो आहोत ते आठवा, म्हणजे जॉप्लिनचा अहवाल आपल्याला किती लागू पडतो ते दिसेल. जास्त इशारे नकोत. कमी द्या, पण नेमके द्या.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. फोन सायलेंटवर असूनही कानठळ्या बसवणारा सेल ब्रॉडकास्टचा इशारा 2023 मध्ये चाचणी म्हणून आपल्या फोनवर वाजला होता. तो ठरावीक टॉवरखालच्या फोनपुरता पाठवता येतो. 7 मे 2025 च्या मॉक ड्रिलला शहरात भोंगे वाजले. कोळीवाड्यात जाऊन विचारा, बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे काय, हे न शिकलेला माणूसही सांगेल: सोसाट्याचा वारा येणार, होडी बाहेर काढायची नाही. समुद्रावर जाणाऱ्यासाठी ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. उंचीवर जाणाऱ्यासाठी ती उभी करा, एवढंच मागणं आहे.

मागण्या स्पष्ट लिहितो.

वादळी ढग शहराच्या दिशेने निघाला की इशारा वॉर्डनिहाय आणि वेळेसह द्या: कुठून येतोय, मुलुंडला किती वाजता, घाटकोपरला किती वाजता, वारा अंदाजे किती. मराठी, हिंदी आणि बंगालीत. वाऱ्याची एक मर्यादा ठरवा आणि ती ओलांडली जाण्याची शक्यता असेल तेव्हाच, त्या भागापुरता, सेल ब्रॉडकास्ट वाजवा.

प्रत्येक वॉर्डात वाऱ्याचा झोत मोजणारं यंत्र लावा, निदान काही उंच इमारतींच्या गच्चीवर, आणि आकडे त्याच मिनिटाला सगळ्यांना बघता येऊ द्या.

असा इशारा वाजला की परांची, झुला, क्रेन आणि होर्डिंगवरचं काम थांबवणं बंधनकारक करा. दुरुस्तीचं काम सुरू करायच्या अटींतच हे घाला, ग्रिलच्या दाराची अट त्यातच घाला, आणि वॉचमनपासून मुकादमापर्यंत कुणाला कळवायचं तेही. थांबलेल्या तासांची हजेरी मजुराच्या खिशातून जाता कामा नये. बांधकामांवर एक टक्का उपकर वसूल होतो आणि तो कामगारांच्या कल्याणासाठीच असतो. वादळाने थांबलेल्या तासांची भरपाई त्यातून द्या. नोंदणी नसलेल्या नाका कामगारांसाठी कंत्राटदाराने ती द्यावी, आणि त्यात माझ्यासारखे आलेच. मी द्यायला तयार आहे. पण नियम सगळ्यांना सारखा हवा, नाहीतर जो काम थांबवत नाही तो स्वस्तात कंत्राट नेतो आणि माणसांचा जीव दरपत्रकात कापला जातो.

बदलापूर, अंबरनाथ, कल्याण, पनवेल भागातल्या हौशी निरीक्षकांना प्रशिक्षण द्या, ओळखपत्र द्या आणि त्यांचा फोन थेट नियंत्रण कक्षात लागेल अशी सोय करा.

आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर महिनाभरात लोकांसमोर मांडा: ढग रडारवर कधी दिसला, इशारा कधी निघाला, लोकांच्या फोनवर कधी पोहोचला, नियंत्रण कक्षाने कुणाकुणाला कळवलं. कुणाला दोषी ठरवण्यासाठी हे मागत नाही. वेळ कुठे गेली हे कळल्याशिवाय ती कमी कशी करणार?

यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या मागणीला नवी खरेदी लागत नाही. रडार आहे, फोन आहेत, उपकर जमा होतो आहे. तुमच्यातल्या दोन-तीन खात्यांनी एका टेबलावर बसायचं आहे. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ही बैठक लावा, मी चार मुकादमांना घेऊन येतो. उतरायला किती वेळ लागतो, इशारा किती मिनिटं आधी हवा, हे ते तुम्हाला नीट सांगतील. त्यानंतर बोलावलंत तर येता येणार नाही, माणसं वर असतील.

आपला,
एक दुरुस्ती-रंगकाम कंत्राटदार, भांडुप